खाकीला अठराची सुई

अहमदनगर,
१९ मे १९७१

सौ. राहीस,

मी बरा आहे. तुम्ही तिघं बरी असाल असं धरून लिहायला बसलो.

तुझं पत्र पुण्याला मच्छिंद्रच्या पत्त्यावर गेलं. त्यानं ते इकडं पाठवलं, म्हणून उत्तराला उशीर झाला. शाळेच्या खाकी गणवेशाचं काम तू एकटीनं घेतलंस, मशीनच्या चार सुया मोडल्या, पाचवीचा तुकडा उडून डोळ्याखाली लागला, हे वाचल्यापासून चैन नाही. डोळा ठीक आहे ना? ते आधी कळव. तोवर खाकीला हात लावू नको.

तुझा हात चुकत नाही, सुई चुकतेय. तपकिरीच्या डबीत सगळ्या सुया एकत्र झाल्यात. डबी ताटात उपडी कर आणि उजेडात बस. सुईच्या जाड दांडीवर नंबर कोरलेला असतो. दिसला नाही तर दांडीवर खडू घासून फडक्यानं पूस, खाचेत पांढरं राहतं आणि आकडा उठून दिसतो. आकडे इंग्रजी आहेत, पण घाबरू नको. पहिली उभी रेघ सगळ्यांना सारखीच, दुसरा आकडा तेवढा बघायचा. 11 म्हणजे अकरा, ती मलमलीची. 14 चौदा, पॉपलिनची. 16 सोळा, मांजरपाटाची. आणि दोन घागरी एकावर एक ठेवल्यासारखं दिसलं की 18, म्हणजे अठरा. खाकीला तीच लागते. तू चौदाची लावली असशील, ती दुहेरी शिवणीवर मोडणारच.

एकेका नंबराला एकेक रिकामी काड्यापेटी कर आणि वरून त्या त्या कापडाची चिंधी डकव. मग दर वेळी आकडा वाचायला नको. सुई वाकडी आहे का बघायला ती आरशावर लोळव, टोक डगमगलं तर टाकून दे. नंबर झिजलेला असला तर दोन सुया चिमटीत धरून फिरवायच्या, जाडी बोटांना कळते. मी तसंच करायचो. पंधरा वर्षांत मी आकडा कधी वाचला नाही.

संक्रांतीनंतर कळेना झालं. चौदा की अठरा, बोटांत काही येईचना. वैतागून सगळ्या सुया मीच एका डबीत कोंबल्या. आणि बोललो तुला, की पोरांना डबी खेळायला देतेस म्हणून. बनूला तर मारलं. तिची काही चूक नव्हती. तिला तसं सांग.

वर अहमदनगर लिहिलंय ते तू बघितलं असशील. कामाला जातो म्हणून निघालो, पण मी पुण्याला गेलोच नाही. मागची दोन पत्रं मच्छिंद्रनं तिकडून टाकली.

शिमग्याच्या आधी माझ्या बोटाला चिंधी होती. दारात सापडलं म्हणालो, ते खोटं. खाकी चड्डी शिवत होतो. कापडावर लाल डाग पसरला म्हणून खाली बघितलं, तर सुई बोटातून आरपार गेलेली. मला कळलंच नव्हतं. दुखलं नाही म्हणून मी घाबरलो, राही.

इथं दवाखान्यात आहे. कोपरावरचा तो फिकट चट्टा, ज्याला आपण सुरमा, साधं शिबं म्हणायचो, तो डॉक्टरांनी बघितला. महारोग आहे. लिहिलं एकदाचं.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या सोडू नकोस. रोग वाढणार नाही. घरी राहून काम कर."

"बोटं पहिल्यासारखी होतील का?" मी विचारलं.

"ते सांगता येत नाही. घरी पोरं आहेत ना? त्यांना बघितलं का कुणी?"

म्हणून आधी हे कर. पोरांना अंघोळ घालताना उजेडात त्यांचं अंग बघ. कुठं फिकट डाग दिसला तर डोळे मिटायला सांग आणि कापसाची वात हलकी टेकव. कुठं लागलं ते बोट ठेवून दाखवलं तर बरं. नाही दाखवलं तर थांबू नको, मिळेल त्या गाडीनं ये. तुझंही अंग बघ. माहेरी जायचं मनात आलं तर जा, मशीन घेऊन जा. मी अडवणार नाही. पत्र वाचून चुलीत घाल.

नवरा म्हणवून घ्यायचा की नाही, हे तुझ्यावर सोडलेला,
सहादेव


देवळाली प्रवरा,
२९ मे १९७१

बनूच्या बापास राहीचा नमस्कार.

पत्र पोचलं. डोळा बरा हाय, गालावर वरखडा हुता, तो वाळला. सुया येगळ्या केल्या. अठराच्या सात निघाल्या. निम्मे गनवेश झाले, एक बी सुई मोडली न्हाई.

पोरांला बघितलं. गोरक्षाच्या अंगावर काय न्हाई. बनूच्या मांडीवर फिकट डाग दिसला. तिला म्हनलं, "डोळे मिट." वात टेकवली. ती म्हनली, "हितं. आये, गुदगुल्या व्हत्यात." पाच डाव लावली, पाची डाव बराबर दावलं. मग मी न्हानीत जाऊन रडले. तरी डागदरला दावायचंच हाय.

बोटाचं मला म्हाईत हुतं. ती खाकी चड्डी तुमी गवऱ्यांमागं लपवली, ती मीच धुतली. दारात बोट सापडल्यावर चड्डीला रगत कसं लागंल? तुमी सांगाल म्हनून गप ऱ्हायले. लई दिस वाट बघितली.

बनूला तुमचा निरोप दिला. ती म्हनली, "दादांनी यिऊन सांगावं."

माहेरचं पुन्ना लिहू नका. येत्या बेस्तरवारी पयल्या गाडीनं पोरांला घिऊन येते. माझे हातपाय मी बघितले, चांगले हायेत. पाठ मला दिसत न्हाई, आन् बनूला दावली तर पोर भिईल. ती तुमी बघायची.

तुमच्याच घरची,
राही