आमच्या घराच्या पत्त्यावर

खमरिया, जबलपूर
१५ एप्रिल १९६३

प्रिय प्रतिमा,

तुझं पत्र गेल्या सोमवारी मिळालं. दोन्ही बाजूंनी भरलेलं, कडेला आडव्या ओळी, आणि त्यात अर्धं पत्र माझी आरती. ताई तू आमच्यासाठी इतकं केलंस, ताई तू नसतीस तर आमचं काय झालं असतं. बाई गं, काहून एवढे आभार मानून राहिली आहेस? सख्ख्या बहिणीचे कोणी असे आभार मानतं का? मी ते पत्र एकदा वाचलं आणि घडी घालून ठेवलं, दुसऱ्यांदा वाचवेना. शेवटी चार ओळींत तू खरी गोष्ट लिहिलीस. शरच्चंद्ररावांनी बस्तरच्या जंगल-ठेकेदाराकडे मुनीम म्हणून जायचं ठरवलंय, अक्षय्य तृतीया झाली की निघणार, दोन वर्षं तरी येणं नाही. मुलींना घेऊन तू कुंडमलाच राहणार. जाऊ देऊ की नको, ताई तूच सांग, असं तू विचारलं आहेस. सांगते. त्यासाठीच लिहायला बसले आहे. पण मला कुठलीही गोष्ट सरळ सांगता येत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे, तेव्हा जरा दम धर.

इकडची हालहवाल अशी की आमची खमरिया आता ओळखू येत नाही. चीनची लढाई थांबून पाच महिने होत आले, पण आमच्या दारूगोळ्याच्या कारखान्याला कोणी ते सांगितलेलं दिसत नाही. तीन-तीन पाळ्या चालू आहेत. सकाळी बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि सायकलवाल्याकडे नवी सायकल हवी असेल तर नाव लिहून थांबावं लागतं. ज्या पोरांना त्यांच्या आया दिवसभर शिव्या घालत होत्या त्यांच्यासाठी आता मुली सांगून येऊन राहिल्या आहेत. महाराजपूरकडे लोक जमिनी बघायला जातात. तुझे भाऊजीसुद्धा एका रविवारी गेले होते, परत येऊन म्हणाले की जागा चांगली आहे, फक्त तिथे पाणी नाही, रस्ता नाही आणि आपल्याकडे पैसे नाहीत. आमचा विनय फेब्रुवारीत कामावर लागला हे तुला माहीतच आहे. पोरगा पहाटे उठतो, स्वतःची चादर स्वतः घडी करतो. एकोणीस वर्षं मी जे सांगून थकले ते भोंग्यानं आठ दिवसांत करून दाखवलं.

आणि हे सगळं अठ्ठावीस मैलांवर थांबतं. होळीला तुझ्याकडे आले तेव्हा मी सगळं बघत होते. तुमच्या बाजारात तेल, साखर आमच्याच भावानं, पण घेणारं कोणी नाही. दुकानदार पाट्या झाकून बसलेले. जबलपूरहून महागाई तेवढी बसमध्ये बसून कुंडमला पोचली, काम काही पोचलं नाही. वाटेत माणसांच्या रांगा दिसल्या, डोक्यावर गाठोडी, पायी जबलपूरकडे निघालेली. त्यातले कितीतरी आमच्या इथे बसथांब्याच्या छपराखाली झोपतात आणि हमाली मिळाली तर करतात. नोव्हेंबरात देशासाठी सोनं गोळा करायला माणसं आली तेव्हा तू कानातलं काढून दिलंस. आठवतं? मी तुला रागावले होते की एवढंच तर उरलं होतं. तू म्हणालीस, सगळं गावच देऊन राहिलं आहे ताई, मी कशी मागे राहू. कुंडमनं सोनं दिलं, पण नोकऱ्या खमरियाला लागल्या. मी काही राजकारणातली बाई नाही, पण एवढं मलाही दिसतं.

त्या होळीला शरच्चंद्रराव ओट्यावर बसले होते. दाढी वाढलेली, हातात जुना पेपर. ज्या लाकडाच्या वखारीत होते ती टाल बंद झाल्यापासून तहसिलीपुढे लोकांचे अर्ज लिहून देतात हे तू सांगितलं होतंस, पण त्या दिवशी कोणाचा अर्जही नव्हता. मला वाटलं कारखान्याचं काही विचारतील. एक शब्द नाही. विनयचं मात्र सगळं विचारलं, कोणत्या विभागात आहे, साहेब कसा आहे, कामावर बूट घालतो ना. किती खुश झाले गं. दिवाळीत आमच्याकडे दहा दिवस होते तेव्हा त्यांनीच तर त्याला तयार केलं. कुठून तरी जुना कॅलिपर मागून आणला आणि माझ्या स्वयंपाकघरातलं एकही भांडं सोडलं नाही. तव्याची जाडी, लाटण्याचा घेर, पाण्याच्या नळाची तोटी, सगळं मोजायला लावलं. मी ओरडले की पोळ्या करायच्या आहेत, लाटणं द्या, तर मला म्हणाले की ताई, तुमचं लाटणं मधे जाड आहे, म्हणून पोळी कडेला जाड होते. सोळा वर्षं त्या कारखान्याचं दार न पाहिलेला माणूस, पण हात काही विसरला नव्हता. भरतीच्या परीक्षेत विनयला तेच विचारलं. त्याला ती नोकरी कोणी मिळवून दिली हे मी जाणते.

सेहेचाळीस साल मला हल्ली फार आठवतं. मोठी लढाई संपली म्हणून लोकांनी पेढे वाटले, आपणही खाल्ले, आणि काही महिन्यांत फाटकावर कामावरून काढलेल्यांच्या याद्या लागायला लागल्या. तुझे भाऊजी पक्के होते म्हणून राहिले. शरच्चंद्रराव लढाईपुरते घेतलेले, बावीस वर्षांचे, तुमच्या लग्नाला जेमतेम वर्ष. यादी वाचून ते आमच्याकडेच आले होते. मी पिठलं-भात वाढला तर दोनदा मागून घेतला, आणि मला वाटलं की चला, माणूस धीराचा आहे. ते घरी न जाण्यासाठी जेवत होते हे मला फार उशिरा कळलं. तुझा संसार बैलगाडीत चढवताना तू एकदाही रडली नाहीस, मीच नाल्यापर्यंत रडत आले. शरच्चंद्रराव म्हणाले होते की कुंडम काय लांब आहे, लढाई पुन्हा लागली की पहिली गाडी पकडून येईन. असं बोलायचं नसतं, पण त्या वयात माणूस बोलून जातो.

मग लढाई लागली. जुन्या माणसांना आधी बोलावणार असं कळल्यावर ते दुसऱ्याच दिवशी येऊन नाव लिहून गेले. पत्ता आमचा दिला. कुंडमची सगळीच माणसं तसं करत होती, कारण तिकडे टपाल कधी पोचेल याचा नेम नाही आणि बोलावणं आलं की दोन-चार दिवसांत हजर व्हावं लागतं. ज्याचा कोणी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये असेल त्याच्या मार्फत. शेजारच्या शालिग्रामजींच्या घरी त्यांच्या गावच्या पाच जणांची नावं होती. ज्याचा कोणीच नव्हता तो पानवाल्याचा पत्ता द्यायचा. आमच्या पत्त्यावर दोन नावं होती, एक विनयचं आणि एक शरच्चंद्ररावांचं.

आणि जानेवारीत नळावर एक गोष्ट उठली. नोकरीआधीची पोलीस चौकशी पत्त्यावरून होते, म्हणून एका क्वार्टरमधून एकच माणूस घेणार. दोन नावं निघाली तर दोन्ही कापणार, एका घरात एवढी माणसं कशी म्हणून. कोणी सांगितलं विचारशील तर सगळ्यांनीच सांगितलं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई, नळावरच्या शास्त्राला हसणारी, पण यावर माझा विश्वास बसला. बायका रडकुंडीला आल्या होत्या. एकीनं तर दिराला सांगितलं की बाबा, तू दुसरं घर बघ. तुझ्या भाऊजींना मी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर ते ऑफिसात चौकशी करून आले असते, आणि कदाचित मला खरं काय ते ऐकायचं नव्हतं. विनय दीड वर्ष घरी बसला होता प्रतिमा. संध्याकाळी मित्र कामावरून यायच्या वेळेला तो मागच्या दारानं बाहेर पडायचा, कोणी भेटू नये म्हणून. तू आई आहेस, तुला वेगळं सांगायला नको.

असा काही नियमच नव्हता. फेब्रुवारीच्या शेवटी शालिग्रामजींच्या पत्त्यावरचे पाचही जण कामावर लागले. पाचही, एकाच क्वार्टरमधून. त्यांच्या घरी सत्यनारायण झाला, मला प्रसाद आला, आणि मी तो तसाच झाकून ठेवला. बाकीच्या बायका आपल्याच भीतीला हसल्या आणि नळावर दुसरा विषय निघाला. मी हसू शकले नाही.

तू लिहिलंस की हे हल्ली म्हणतात, या शहरानं मला दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा विचारायला मी जाणार नाही. म्हणून बस्तर. तुला वाटतं की ते पैशासाठी जाऊन राहिले आहेत. तसं नाही गं. ज्या रस्त्यावरून आमची बस येते त्या रस्त्यापासून त्यांना लांब जायचं आहे. मी ते वाक्य वाचलं त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं, तुझे भाऊजी तसंच जेवले.

आता ऐक, आणि शेवटपर्यंत वाच, मधे टाकून देऊ नकोस. त्यांना नको म्हटलेलं नाही. एकोणीस जानेवारीला नथ्थू पोस्टमन दोन कार्डं घेऊन आला, एक विनयचं आणि एक त्यांचं. दोघांनाही अठ्ठावीस तारखेला बोलावलं होतं. विनयचं मी त्याच्या हातात दिलं. त्यांचं मी पिठाच्या डब्याखालच्या कागदात ठेवलं. मनात म्हटलं, पोराचं होऊन जाऊ दे, मग देईन, आणि अठ्ठावीस तारीख निघून गेली. मग तू आलीस, काही आलं का ताई म्हणून विचारलंस, आणि मी तुझ्या तोंडाकडे बघून नाही म्हटलं आणि तुला पोहे केले. त्यानंतर रोज सांगायचं ठरवलं आणि रोज आणखी अवघड झालं. परवा फाटकावर सूचना लागली आहे की बोलावूनही जे जुने कामगार आले नाहीत त्यांनी ते कार्ड घेऊन तीस एप्रिलच्या आत हजर व्हावं. कार्ड या पत्रासोबत आहे. आता आलं, टपालानं उशीर केला, असं मला म्हणता आलं असतं. तुला खरं वाटलं असतं आणि नथ्थू म्हातारा झालाय, त्यानं वादही घातला नसता. तुझ्या आभाराच्या पत्रानंतर ते माझ्यानं होईना. हे पत्र टपालात टाकत नाही. रविवारी विनय पहिल्या बसनं घेऊन येतो आहे. त्याला मी सगळं सांगितलंय, तुझ्या भाऊजींनाही. विनय दोन दिवस माझ्या हातचं जेवला नाही, मग म्हणाला की काकांसमोर मीच जाईन. त्याला जेवू घाल, त्याचा यात काही दोष नाही. माझ्याकडे यायचं की नाही, माझं तोंड बघायचं की नाही, ते तू ठरव. राग धरलास तर तुझा हक्क आहे आणि मी माफी मागून तो काढून घेणार नाही. त्यांनी बस्तरला जायचं ठरवलं तरी जाऊ दे, पण हे कळल्यावर जाऊ दे. त्यांना एवढं सांग की कारखान्यानं त्यांना बोलावलं होतं, नावानिशी. नको म्हटलं ते मी.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
हेमाताई