घोरपडीच्या पोटातले ‘ले’

प्रिय विनू,

उद्या सकाळी अकराला तुझ्या स्टुडिओतली सायली माझ्याकडे येते आहे. पुण्याहून रेल्वेने मलकापूर, तिथून घाट चढून बुलडाणा, सोबत माईक. म्हणून हे पत्र. तू गेल्यापासून चार महिने मी तुझ्याशी मनातल्या मनातही बोलले नाही, कारण मला तुझा राग आला होता. तो अजून आहे. पण आज सकाळपासून तीनदा मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या आणि तरी घसा कोरडाच. ऐन वेळी आवाज फुटला नाही तर काय करू, सांग?

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस कार्टून काढतो, आणि तेही मोठ्यांसाठी, रात्री साडेअकराला दाखवायचं, हे मी इथे कोणाला सांगितलं नव्हतं. माझा भाऊ पुण्यात चित्रकार आहे, इथवरच माझी मजल. तुझ्या त्या ‘घाटाखाली’चे पहिले दोन सीझन मी बघितले नाहीत. तिसरा बघितला, तू गेल्यावर. सकाळी दहाला, चहा घेऊन, खिडक्या लावून.

खिडक्या का लावल्या? त्या कोहळ्यामुळे! गावचा सरपंच कोहळं आहे, हे मी समजू शकते. मी बरेच सरपंच पाहिले आहेत. पण त्या कोहळ्याची आणि तलाठीणबाईंची ती प्रकरणं? आणि त्या शिव्या? डेपोत एसटी अंडी घालते आणि कंडक्टर ती उबवत बसतो, ते मात्र मला आवडलं. आवडलं हा शब्द मागे घेते. सहन झालं.

मग ती आली. मॅडम घोरपड, शाळेची मुख्याध्यापिका. काठाची सुती साडी, खांद्यावर पिन, नाकावर चष्मा. कोणी ‘मले’ म्हटलं, ‘तुले’ म्हटलं, की तिची जीभ सटकन बाहेर येते आणि त्यातला ‘ले’ गिळून टाकते. समोरचा बिचारा नुसता ‘म’ म्हणत उभा. गिळलेले ‘ले’ तिच्या पोटात साठतात आणि ती चालली की खडखडतात. आवाज तूच दिला होतास, नाकातून, बायकी. पहिलं वाक्य ऐकलं आणि मला वाटलं, मीच पलीकडच्या खोलीत कोणाला तरी रागावते आहे.

धामणगाव बढ्याच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसले. ते सगळं तू एका सरपटणाऱ्या प्राण्याला देऊन टाकलंस? मला विचारायचं तरी!

विचारलं होतंस. ते मी विसरले नाही. दिवाळीत तुझा फोन आला होता. या सीझनमध्ये घोरपडीचा आवाज तूच दे, ताई, म्हणालास, मी किती दिवस तुझी नक्कल करू. मी म्हणाले, मी निवृत्त मुख्याध्यापिका आहे, जनावरांचे आवाज काढत नाही. तू हसलास.

“घोरपड एकदा चिकटली का सोडत नाही, ताई. म्हनून तर घोरपड घेतली.”

“म्हणून,” मी म्हणाले. “बाणातला ण.”

आणि फोन ठेवला. विनू, ते आपलं शेवटचं बोलणं. पौषात तू तुझ्या स्टुडिओतल्या खुर्चीतच गेलास आणि माझ्याकडे शेवटचा शब्द म्हणून तो ‘ण’ राहिला. दुसरा कुठला ठेवता आला नसता का मला?

सात भाग तू पुरे केलेस. आठवा अर्धा. त्यात मॅडमचं पोट इतकं फुगतं की ती शाळेच्या दारातून आत जाऊ शकत नाही. डॉक्टर, तो चष्मेवाला बगळा, तिला सांगतो की औषध एकच, एकदा तोंडाने ‘ले’ म्हणा, म्हणजे सगळे बाहेर पडतील. तुझ्या संहितेत पुढे लिहिलं आहे, ‘मॅडम तोंड उघडते आणि म्हणते’, आणि त्यापुढे एक रेघ. समासात तुझं ते कोंबडीचे पाय अक्षर, ‘ताईले इचारायचं.’

काय विचारायचं होतं? सायलीलाही ठाऊक नाही. तिने चित्र पाठवलं. ते तू पूर्ण रंगवलंस. मॅडम स्वयंपाकघरात उभी आहे, समोर माठ, माठाजवळ पाट. शाळेच्या गोष्टीत शेवटी माठ कुठून आला, कोणालाच कळत नाही म्हणाली.

ती रेघ तुम्हीच भरा आणि तुमच्याच आवाजात म्हणा, असा तिचा आग्रह. मी तिला नाहीच म्हणणार होते. तर ती म्हणाली की मग पुण्याच्या एक नटी आहेत, त्या गावठी छान बोलतात. नमुना ऐकवा म्हटलं. तिने फोनवरच रेकॉर्डिंग लावलं. त्यात त्या बाई म्हणाल्या, “मले काऊन तरास देऊन राह्यला बे?” मुख्याध्यापिका, आणि ‘बे’! आपल्याकडे कुठली मुख्याध्यापिका विद्यार्थ्याला बे म्हणते? आणि ते असं लडिवाळ, हेलकावे घेत, जणू सगळा वऱ्हाड हा यांच्या करमणुकीसाठी बोलतो. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की मी बोलेन. फोन ठेवल्यावर वाटलं, हे काय कबूल करून बसले.

कारण मला ते येत नाही, विनू. आपल्या घरात जन्मभर बोललं गेलं, आई जाईपर्यंत तेच बोलली, आणि मला येत नाही. कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर मराठीत बोललं की ओठांवर बोट ठेवून जिन्याखाली उभं करायचे. दोन वर्षांत मी इंग्रजी शिकले आणि पुस्तकातली मराठी शिकले, आणि ‘मले’, ‘तुझी’साठीचं ‘तुही’, सगळं माझ्या तोंडातून गेलं. बाकीच्यांच्या तोंडातून ते मी काढलं. आठवा भाग बुधवारी द्यायचा आहे; तोवर हे काम झालं नाही, तर त्या नटीबाई माझ्या साडीत उभ्या राहून तुझ्या माठासमोर बोलतील. हे मी कसं होऊ देऊ?

गेले चार दिवस सराव करते आहे. समोर नसीमभाभी असते. तू तिला ओळखतोस, मागच्या गल्लीतली, गोधड्या शिवते. रेकॉर्डिंगला खोलीत आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना गोधड्या टांगा, असं सायलीने सांगितलं होतं; त्या मागायला गेले आणि सगळं बोलून बसले. ती जन्मापासून इथली. तिची मराठी आईच्या मराठीसारखी आहे, मध्ये थोडी उर्दू पेरलेली. परवा मी दहा-बारा वेळा ‘मले’ म्हणून दाखवलं. तिने सुई गोधडीत खोचून ठेवली.

“मॅडम, तुमी मले म्हनून राह्यल्या, का दातात अडकलेलं काढून राह्यल्या?”

मी चिडले. सुती साडीतली घोरपड जशी चिडेल तशीच चिडले असणार. मग ती समजुतीने म्हणाली की इचार नका करू, तहान लागल्यावानी म्हना. मी डोळे मिटले आणि घाईघाईने म्हणून टाकलं. तोंडातून काय पडलं, माहीत आहे?

“मलाले.”

नसीमभाभी हसत सुटली, डोळ्यांना पदर लावला तिने. मी हसले नाही. हा शब्द मी आधी ऐकलेला होता.

पाचव्या भागात तो छोटा बेडूक ओठांवर बोट ठेवून हौदाजवळ उभा असतो ना, तो बघतानाच मी टीव्ही बंद केला होता. मला कळलं होतं, पण मी कळू दिलं नव्हतं. मी चौदा वर्षांची, होस्टेलमधून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलेली. तू सहा वर्षांचा. तू ‘मले’ म्हणालास की मी तुला ओठांवर बोट ठेवून हौदाजवळ उभं करायची. आई म्हणायची, काऊन छळतं वं लेकराले. मी तिलाही दुरुस्त केलं होतं.

मग एका दुपारी तू माझ्यासमोर आलास. किती विचार करून आला असशील! मला म्हणायचं की मले म्हणायचं हे ठरेना, म्हणून दोन्ही म्हणालास.

“ताई, मलाले पानी दे.”

मी हसले. नुसती हसले नाही. मावशी आली तिच्यासमोर तुला म्हणायला लावलं, शेजारणीसमोर म्हणायला लावलं. सगळ्या हसल्या. त्यानंतर अख्खी सुट्टी तू कोणाकडेच पाणी मागितलं नाहीस. माठाजवळ पाट ओढायचास, त्यावर चढायचास आणि आपलं आपण घ्यायचास. एकदा पडलास, हनुवटी फुटली. तरी काही बोलला नाहीस.

तो पाट म्हणजे तोच ना रे? मी आधी का नाही ओळखला? दिवाळीत फोनवर तुला हेच हवं होतं का? की पन्नास वर्षं मनात ठेवून तू माझी जाहीर फजिती करायचं ठरवलं होतंस? मला खरंच कळत नाही. परवापासून दोन्हीकडून विचार करते आहे. तुला राग होता की तू मला एक जागा ठेवली होतीस, ते विचारायला तू नाहीस, आणि उद्या अकराला माईक लागणार आहे.

मग वाटतं, फजिती असेल तर तीही होऊ दे. माझ्या वाट्याची आहे.

गोधड्या टांगून झाल्या आहेत. खोली एखाद्या तंबूसारखी दिसते. पंखा बंद ठेवायचा आहे, खिडकीही. आता भीती वेगळीच आहे. चार दिवस सराव केल्यामुळे उद्या माझ्या तोंडून चुकून शुद्ध ‘मले’ निघालं तर? किंवा सवयीने ‘मला’? जी चूक तुझ्या तोंडून सहज निघाली, ती मला आता जपून आणायची आहे, पाण्याने काठोकाठ भरलेल्या वाटीसारखी. ‘पानी’तला ‘न’ तर मी आत्ता लिहितानाही दोनदा खोडून पुन्हा लिहिला.

सायली बहुतेक थांबवेल. मॅडम, ते ‘मले’ आहे ना, म्हणेल. पुण्याची आहे, तिला वाटेल म्हातारी चुकली. तेव्हासाठी तुला वचन देते, विनू. मी दुरुस्त करणार नाही. तिलाही करू देणार नाही. लोक रात्री साडेअकराला हसणार असतील तर हसू देत, हसण्यासाठीच तू केलंस ते. फक्त मी माठासमोर उभी राहीन आणि तुझं वाक्य तुझ्यासारखंच म्हणेन, एकदाच, तहान लागल्यावानी.

मलाले पानी दे.

तुही,
ताई