दादाचा सत्कार आणि माझं वाक्य

१२ डिसेंबर, शुक्र.
बीपीच्या गोळ्या संपल्या, आणायच्या. दुपारी चित्रपट महोत्सवाचे चिटणीस आले, कोल्हापूरहून खास कोडोलीला. पुढच्या शनिवारी दादाचा सत्कार, जन्मभर पटकथा लिहिल्याबद्दल. पत्रिका छापूनच आणलेली. त्यात ‘औक्षण : भगिनी सुमनताई’. मला न विचारता! मी तसं बोलले तर म्हणतात, “भनीला काय इचारायचं, ताई? भावाचा मान हाय की!”
चहा दिला. येते म्हटलं नाही, येत नाही असंही म्हटलं नाही. जाताना दारात थांबून दादाच्या सिनेमातलं ते वाक्य म्हणून दाखवलंच. मलाच. लोकांची हौस काही फिटत नाही.

१४ डिसें., रवि.
रेखा आली कळंब्याहून. “आई, किती ताणणार अजून? मामा थकलाय.” म्हटलं, तू तीन महिन्यांची होतीस, तुला काय कळणार. पण एकदा माझ्या हातानं लिहून ठेवते.
सासर सोडून, रेखाला खांद्यावर टाकून याच दारात आले. आबांनी आधी विचारलं, “परत कवा जानार?” मी म्हणाले, “घरात नगं, गोठ्यात ऱ्हाते. म्हशीला कोन इचारत न्हाय, कवा जानार म्हनून.” आई रडायला लागली. दादा मुंबईहून सुट्टीला आलेला, पुढच्या सोप्यात बसून सुपातल्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. एक अक्षर बोलला नाही, फोडतच राहिला. दोन दिवसांनी आबा आपणच ‘ऱ्हा’ म्हणाले.
दोन वर्षांनी दादाचा सिनेमा आला. माझं वाक्य जसंच्या तसं. थेटरात शिट्ट्या. मी तिथंच उठले नि बाहेर पडले. टीव्हीवर लागला की बंद करते. पुढचं काय ते आजतागायत पाहिलेलं नाही. मग मी शिकवायचे त्या शाळेत, एस.टी.त, बाजारात, जिथं जाईन तिथं तेच वाक्य. त्याला बक्षीस, मला टोपणनाव : गोठ्यातल्या बाई. शाळेतली पोरं पाठीमागून म्हणायची.
तेव्हापासून दादाशी बोलणं लग्नाकार्यात, चहा घेतलास का, एवढंच.

१७ डिसें., बुध.
दादाचा फोन. आवाज बारीक झालाय.
“सुमे, येनार न्हवं?”
बघते म्हटलं.
“सत्काराआधी त्यो सिनेमा लावनार हायत. ह्या खेपेला शेवटपर्यंत बस.”
म्हणजे मी उठून गेले ते त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं!

१९ डिसें., शुक्र.
साडी इस्त्रीला दिली. जायचं ठरलं असं नाही. चुरगळली होती.

२० डिसें., शनि. (रेखाकडे)
गेले.
दुपारी सिनेमा. माझं वाक्य आलं तसं सगळं सभागृह एका सुरात म्हणालं. खुर्चीचा हात घट्ट धरला, उठले नाही.
मग पडद्यावरच्या भावानं शेंगांचं सूप खाली ठेवलं. उठला. बहिणीच्या खांद्यावरचं पोर घेतलं आणि बापाला म्हणाला, “ती कुटं जानार न्हाय. जायाचंच आसंल तर म्या जातो.”
मला रडू आलं. रागही तितकाच आला. हे त्या दिवशी म्हणाला असता तर! जीभ होती की तोंडात. दोन वर्षांनी दुसऱ्याच्या तोंडी घातलं, आणि मला पत्ता नाही. रेखाला म्हटलं, तू तरी सांगायचंस. म्हणाली, “तू विषय काढू दिलास कधी?”
संध्या. ५ ला सत्कार. फेटा मोठा, दादा लहान झालाय. कुंकू लावताना हळूच म्हणाला, “बसलीस?”
“बसले.”
त्याचे डोळे भरलेले. तेवढ्यात चिटणिसांनी माझ्यापुढं माईक धरला, “ताई, त्ये वाक्य हून जाऊ द्या!” टाळ्या सुरू. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “माझं तुमास्नी पाठ हाय. आता ह्याचं ह्यो म्हनू दे.”
दादानं माईक घेतला. “ती...” म्हणाला. थांबला. परत, “ती कुटं...” ओठ हलत होते, शब्द नाही. लोकांना वाटलं गहिवरलाय, सगळे उभे राहून टाळ्या. माईक खाली आला.
आजही म्हणाला नाही.

२१ डिसें., रवि.
सकाळच्या गाडीनं कोडोलीला परत. चिटणिसांनी फोटो पाठवलाय. आरतीचं ताट तिरकं, माझा चेहरा भांडल्यासारखा.
अकराला दादाचा फोन. “सुमे, दुपारच्याला यू का घरी?”
ये म्हटलं. मग माझंच मला आश्चर्य वाटलं.
भात टाकलाय. शेंगा भाजून सुपात घातल्या, सूप सोप्यात ठेवलं, तो बसायचा तिथंच. माईक नाही, टाळ्या नाहीत. तेवढं एक वाक्य मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. म्हणेल, न म्हणेल.
किती वाजता येतोस, ते विचारलं. परत कधी जाणार, ते विचारलं नाही.