बाईसाहेबांच्या आजीचा केक

वॉशिंग्टन,
२ फेब्रुवारी

चि. इडास, अनेक आशीर्वाद.

पंचेचाळिशीच्या बाईला अजून चि. लिहिते म्हणून रागावू नकोस. तू शंभर वर्षांची झालीस तरी मी तीन वर्षांनी मोठीच राहणार.

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. ऑफिसातल्या मुली विचारत होत्या, की नेब्रास्कातल्या मेंढ्या जन्मतःच हिरव्या असतात का. मी म्हटलं, मेंढ्या ठीक असतात, बहिणी तशा असतात.

तू विचारलंस, राष्ट्राध्यक्षांच्या बायकोला प्रेस सेक्रेटरी कशाला लागते, ती काय लढाया जाहीर करते? अगं, लढाई परवडली. रोज सकाळी दहाला बावीस वार्ताहर बायका वह्या उघडून माझ्यासमोर बसतात. काल बाईसाहेबांनी हातमोजे कुठल्या रंगाचे घातले होते, पाहुण्यांना सूप कसलं होतं, कुत्र्याचा पाय बरा आहे का, सगळं हवं असतं. त्यातली हेझल नावाची म्हातारी तर अशी आहे, की आपण सूप सांगावं आणि तिनं ते कोणी न पिता ठेवलं ते शोधून काढावं. वीस वर्षं मीही पेपरात अशीच वही घेऊन बसत होते. आता टेबलाच्या पलीकडे बसते, एवढाच फरक.

पण बाईसाहेब, म्हणजे मिसेस डेलाफिल्ड, माझ्यावर खूष आहेत. परवा म्हणाल्या, वर्ना, तू नसतीस तर मी नुसती एक टोपी असते. इडा, नवरा नाही, मूल नाही, अशा बाईला असं कोणी म्हटलं की दिवसभर पाय जमिनीला लागत नाहीत. हसू नकोस.

आठवड्याला पोतंभर पत्रं येतात. देशभरच्या बायकांना हवं असतं बाईसाहेब घरी काय रांधतात ते. तुझ्यामाझ्यात सांगते, त्यांना पाणी उकळलेलंही दुसऱ्यानं दाखवावं लागतं. पण आम्ही कृतीची कार्डं छापून पाठवतो. गेल्या आठवड्यात त्यावरून मोठी धांदल उडाली होती, ती मी तीन तासांत निस्तरली. कशी ते विचारू नकोस, ती धंद्यातली गोष्ट आहे.

कोंबड्यांना आणि बर्निसला नमस्कार सांग. पत्राला उशीर झाला तर चालेल, मायेला नको.

तुझी,
वर्नाताई

---

स्वीड क्रीक, नेब्रास्का
१९ फेब्रुवारी

ताई,

आज वरचे मायने लिहायला हात होत नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर पाद्रीबाई बर्निस ओमाहाचा पेपर नाचवत आली. म्हणाली, अगं इडा, तुझ्या आईचा केक थेट राष्ट्राध्यक्षांच्या घरात गेला! मला वाटलं तू कोणाला करून खाऊ घातलास. मी हसतच पेपर घेतला.

त्यात बाईसाहेबांचा फोटो होता, एप्रन बांधलेला. खाली आईची कृती. मनुका उकडून घ्यायच्या, त्याच पाण्यात पीठ भिजवायचं, लोणी नाही, अंडं नाही, आणि दुधाऐवजी कालची गार कॉफी. वर लिहिलं होतं, मिसेस डेलाफिल्ड यांच्या बॉस्टनच्या आजीचा केक.

एवढंच असतं तर मी तुला चार टोमणे मारले असते आणि विसरले असते. केक काय, कोणीही करतो. पण ताई, त्याखाली ती हकिकत होती. आजीचं चार वर्षांचं मूल घटसर्पानं गेलं. दुसऱ्याच दिवशी मळणीची पाळी होती. पाळी चुकली तर गहू शेतातच जातो, म्हणून अठरा माणसांना जेवू घालणं भागच होतं. गाय आटलेली. आजीनं जे होतं त्याचा केक केला, आणि पीठ ढवळताना तिच्या लक्षात आलं, की आपल्यालाही भूक लागली आहे. त्या भुकेची तिला जन्मभर लाज वाटली.

तू नऊ वर्षांची होतीस, मी सहाची. आपल्याला त्या दिवसातला फक्त केक आठवत होता. भुकेचं आईनं सांगितलं ते शेवटच्या आजारात, मी तिचे पाय चोळत होते आणि तू खिडकीशी बसली होतीस. तिनं ते बाबांनाही कधी सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, आता हे तुमच्यापाशीच राहू दे.

ताई, आपला एमिल बॉस्टनच्या त्या बाईचा कोण लागत होता?

बर्निसला वाटतं की ही सन्मानाची गोष्ट आहे. चर्चच्या बायकांनी तीस वर्षांपूर्वी छापलेलं पाककृतींचं पुस्तक काढून तिनं मला पान दाखवलं. केकखाली आईचं नाव आहे. ती म्हणते, मी ओमाहाच्या पेपरला कळवणार. मी तिला नको म्हटलं. का नको ते मला सांगता येईना.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

इडा

---

वॉशिंग्टन,
२५ फेब्रुवारी

प्रिय इडास, अनेक आशीर्वाद. घेशील ना?

तुझं पत्र मी ऑफिसच्या बाथरूममध्ये दार लावून वाचलं.

झालं ते असं. जेवताना बाईसाहेब हेझलला सहज बोलून गेल्या, की माझी आजी मनुक्यांचा फार छान केक करायची. हेझलनं तिथल्या तिथे कृती मागितली. आजीनं उभ्या जन्मात चूल पाहिलेली नव्हती. दीड वाजता बाईसाहेब माझ्या खोलीत आल्या, दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, वर्ना, साडेचारपर्यंत मला एक आजी दे. मी टंकयंत्रात कागद घातला. मला एकाच केकची कृती येते, तुला माहीत आहे. कृती नुसती कोरडी दिसत होती. मी लिहीत गेले. मला वाटलं, आईचं कोणाला कळणार? स्वीड क्रीक कोणाला माहीत आहे?

बाईसाहेबांच्या डोळ्यांत वाचताना पाणी आलं. म्हणाल्या, हे मी विसरणार नाही.

इडा, तुझ्या पाया पडते, बर्निसला थांबव. आणि कोणी विचारायला आलं तर तुला काही माहीत नाही. तुझ्या तोंडून एक शब्द गेला तर माझी नोकरी गेली. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. मला आता परत कोणी वही घेऊन बसू देणार नाही.

एवढं कर. मग वाटेल तेवढी रागव.

तुझी,
वर्ना

---

स्वीड क्रीक,
११ मार्च

ताईस, स. न. वि. वि.

बर्निस थांबली नाही. तिनं पुस्तकाचं पानच पेपरला पाठवलं.

काल ओमाहाहून वार्ताहर आला. बूट दाराशी काढून आत आला, म्हणून मला राग धरता येईना. कॉफी घेतली. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाला, ही तुमची आई का? मी हो म्हटलं. म्हणाला, तुमची बहीण मिसेस डेलाफिल्डकडे आहे ना? तेही हो म्हटलं, सगळं गाव सांगतंच आहे. मी म्हटलं, आईनं कृती कुठल्या तरी मासिकातून उतरवली असेल, बॉस्टनच्या आजींनीही तिथूनच घेतली असेल. तो हसला. म्हणाला, बाई, तुम्हाला खोटं बोलायची सवय नाही वाटतं.

मग त्यानं विचारलं, ती मुलाची गोष्ट? तुम्हाला भाऊ होता का?

ताई, मी नाही म्हटलं.

मी म्हटलं, आम्ही दोघीच. त्यानं वहीत लिहून घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर, आईच्या टेबलावर, त्यानं ते शाईनं लिहिलं आणि मी त्याला आणखी कॉफी हवी का ते विचारलं.

तो गेल्यावर मी कोट घालून दफनभूमीत जायला निघाले आणि फाटकातूनच परत आले. कुठल्या तोंडानं जाणार होते?

तू म्हणालीस ते केलं. आता तू तिथे सुखानं रहा.

इडा

---

वॉशिंग्टन,
२० मार्च

इडा,

माझी नोकरी गेली. हे तुला पेपरातून कळायच्या आधी पोचावं म्हणून तातडीच्या टपालानं पाठवते.

चर्चच्या पुस्तकातलं पान हेझलपर्यंत पोचलं. त्याच आठवड्यात बाईसाहेबांच्या चुलत भावंडांनी बॉस्टनहून पेपरला लिहिलं, की आमच्या आजीचं एकही मूल लहानपणी गेलेलं नाही, आणि केक ती दुकानातून मागवायची. मंगळवारी सकाळी बावीसच्या बावीस जणी आल्या. कोणी हातमोज्यांचं विचारलं नाही.

दुपारी बाईसाहेबांनी बोलावलं. चहा दिला. म्हणाल्या, वर्ना, साहेबांची निवडणूक आली आहे, एकीला तरी हे अंगावर घ्यावं लागेल. मी म्हटलं, हो. म्हणाल्या, मला तो कागद कोणी दाखवलाच नव्हता असं म्हणावं लागेल. मग म्हणाल्या, निवेदन तूच लिही ना, तुझ्याइतकं चांगलं इथे कोणाला जमणार?

मी लिहिलं. माझ्याच यंत्रावर. मिसेस डेलाफिल्ड यांना अंधारात ठेवून सेक्रेटरीनं ही कृती आणि हकिकत प्रसिद्ध केली, त्यातलं मूल ही सेक्रेटरीची निव्वळ कल्पना आहे, तिला कामावरून दूर करण्यात आलं आहे. तीन वाक्यं झाली. बाईसाहेबांनी वाचलं आणि म्हणाल्या, सुंदर. मला दारापर्यंत सोडायलाही आल्या नाहीत. माझा शेवटचा पगार आणि छत्री शिपायानं आणून दिली.

आता तुला आणखी एक सांगते. ते सांगितलं नाही तर हे पत्रही त्या निवेदनासारखंच होईल. त्या केकच्या हकिकतीचा पहिला मसुदा माझ्याकडे आहे. त्यावर बाईसाहेबांची पेन्सिल आहे. मी नुसतं मूल असं लिहिलं होतं. त्यांनी समासात लिहिलं, मूल किती वर्षांचं होतं ते घाला, वाचणाऱ्याला लागेल. खाली त्यांची आद्याक्षरं आहेत.

त्यावर मी चार लिहिलं, इडा. गडबडीत नाही. थांबून, विचार करून लिहिलं, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. चार लिहिल्यावर ते जास्त लागत होतं.

हेझल काल माझ्या खोलीवर आली होती. म्हणाली, एवढी वर्षं तू या धंद्यात आहेस, तुझ्याकडे काहीतरी कागद असणारच, दे मला, ती बाई उद्या सकाळी उठायच्या आत सबंध देशाला कळेल. मसुदा दोन हातांवर होता, एका पुस्तकाखाली. मी नाही म्हटलं. मला बाईसाहेबांची कीव आली असं समजू नकोस. त्यांनी मला जसं पुसून टाकलं ते आठवलं की हात शिवशिवतात. पण कागद दाखवला असता तर समासापलीकडची माझी अक्षरंही दिसली असती.

खोली महिनाअखेर सोडायची आहे. मी तुझ्याकडे येऊ का, असं विचारायचा मला हक्क नाही. तरी विचारते.

वर्ना

---

स्वीड क्रीक,
२७ मार्च

ताईस, स. न.

तुझं पत्र आणि ते निवेदन एकाच दिवशी आलं. निवेदन बर्निसनं आणलं. या खेपेला नाचवत नाही, घडी करून. म्हणाली, इडा, यात लिहिलंय की मूल कल्पनेतलं होतं. मग आम्ही पुरलं ते कोणाला? बर्निसच्या आईनं एमिलला पुरताना घालायचा सदरा शिवला होता, हे तुला माहीत नसेल.

मी तुझ्यावर इतकी रागावले होते, की मला वाटत होतं, तू एकटीनंच हे केलं. मग पेपरात आधी माझं वाक्य आणि खाली तुझं वाक्य वाचलं. एमिलला पुसायला आपण दोघी लागलो, आणि दोघींनी काम चोख केलं.

म्हणून मी ओमाहाच्या त्या वार्ताहराला फोन लावला. म्हटलं, मी तुमच्याशी खोटं बोलले. आम्हाला भाऊ होता. एमिल लिंडाल, चार वर्षं दोन महिने. त्याला शिट्टी वाजवता येत नव्हती तरी तो दिवसभर वाजवत हिंडायचा. त्यानं विचारलं, ती आईच्या भुकेची गोष्टही खरी का? मी म्हटलं, ते तुम्हाला मिळणार नाही. तुझ्याबद्दल, बाईसाहेबांबद्दल, कागदांबद्दल पुष्कळ खोदून विचारलं. मी म्हटलं, तिचं ती सांगेल, नाहीतर नाही सांगणार. रविवारी छापून येईल. तुझं नाव आणखी खराब होईल, माझंही होईल. गावात दोन बायका माझ्याशी बोलायच्या थांबल्या आहेत आणि तिसरी जास्तच बोलायला लागली आहे.

गडबडीत लिहिलेलं मी कधीतरी विसरेन, ताई. ते चार मला अजून गिळवत नाही. तू मला सांगितलंस ते बरं केलंस, आणि सांगितल्यामुळे ते हलकं झालं असं समजू नकोस.

बस शुक्रवारी चार वाजता येते. मी फाट्यावर उभी असेन. घरी पोचेपर्यंत कदाचित मी काही बोलणार नाही, तूही सावरासावर करू नकोस. वरची खोली झाडून ठेवली आहे, खिडकी जरा अडकते.

माफी मागायला येऊ नकोस, ती अजून माझ्याकडे नाही. राहायला ये.

तुझीच,
इडा