रातूंच्या सॅल्यूटची हकिकत

आदरणीय इसिमेली दादा यांस,

धाकट्या आपोरोसाने छावणीतल्या खोलीत जमिनीवर बसून, पोकळ हातांनी तीन टाळ्या वाजवून केलेला नमस्कार पोचावा. (टाळ्या खरोखरच वाजवल्या. पलीकडच्या खोलीतल्या स्वयंपाक्याने दारात येऊन, कोणी पाहुणे आलेत का, म्हणून विचारलंही.) देवाच्या कृपेने माझी प्रकृती ठीक आहे. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींना सांगावं, की त्यांनी पाठवलेली खोबरेलाची बाटली बोटीतच फुटली, पण पिशवीतल्या बायबलला तेव्हापासून फार चांगला वास येतो आणि मी पूर्वीपेक्षा जास्त वेळा ते उघडतो. चर्चच्या छपराला पत्रा घालायचा की नाही, हा वाद मिटला का? मिटला नसेल तर माझं मत कोणालाच कळवू नका.

हे सगळं पोस्टातल्या फोनवर बोललो असतो, पण गावातल्या त्या फोनवर तुम्ही एकटे कधीच नसता. केलेपी सुखरूप आहे, हे आधी लिहितो. त्याच्या खांद्यावरचा लेफ्टनंटचा तारा मात्र, उद्याच्या नव्हे, त्यापुढच्या सोमवारनंतर राहील की जाईल, हे आमच्या मेजरसाहेबांच्या हातात आहे. तुमचा मुलगा आपल्या घराण्यातला पहिला अधिकारी, आणि तो तारा लावून त्याला जेमतेम सात महिने झालेत, म्हणून घडलं ते पहिल्यापासून सांगतो.

तुम्हाला माहीत आहे, अठ्ठावीस वर्षं मी पोरांना सॅल्यूट शिकवतो आहे. सॅल्यूट माणसाला नसतो, त्याच्या खांद्यावरच्या ताऱ्याला असतो, हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय, की झोपेतही म्हणत असेन. पण शिकवता शिकवता एक गोष्ट मनात यायची. आपल्याकडे मान द्यायचा तर माणूस लहान होतो. वाकतो, नजर खाली ठेवतो, बसलेल्यांच्या मधून जाताना ‘तिलोऊ, तिलोऊ’ पुटपुटत माफी मागतो, आणि सरदारासमोर तर सरळ जमिनीवर बसतो. फौजेत मान द्यायचा तर माणूस मोठा होतो. छाती काढतो, टाच आपटतो, समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालून बघतो. इथे जो मान, तोच आपल्या गावात दिला तर बाबांनी मला समुद्रात बुडवलं असतं. (देवाला मात्र दोन्ही चालतं. उभं राहून गातो, गुडघे टेकून प्रार्थना करतो. त्याने आजवर तक्रार केलेली नाही.) मी दोन्ही प्रकार आपापल्या जागी ठेवले होते. बाकीच्या पोरांना ते जमत नव्हतं. अधिकारी व्हरांड्यात चहा घेत असले की पोरं सॅल्यूट ठोकायच्या ऐवजी कंबरेत वाकून, तिलोऊ म्हणत, खेकड्यासारखी कडेकडेने सरकायची. मेजरसाहेब राजधानीतले, सुव्याचे, शहरात वाढलेले. गावी जातात ते फक्त मयताला. ते मला म्हणाले, “सार्जंट मेजर, ही छावणी आहे की लग्नाचा मांडव? या पोरांची कंबर सरळ करा.” मी म्हटलं, “होय, सर.” आणि त्याच आठवड्यात नव्या भरतीबरोबर आपले सरदार, रातू ओसेआ आले.

आता तुम्हीच विचार करा. वडिलांच्या पश्चात गावाचं सरदारपद त्यांच्याकडे आलं, तेव्हा आपल्या घराण्याच्या वतीने मानाच्या पेयाची, यंगोनाची पहिली वाटी त्यांच्यापुढे तुम्हीच धरली होती. पिढ्यान्‌पिढ्या आपण त्यांच्या वतीने बोलणारी माणसं. आणि ते बावीस वर्षांचे रातू डोकं भादरून, रिक्रूट म्हणून माझ्यासमोर तिसऱ्या रांगेत उभे! पहिल्या हजेरीला मी त्यांचं नाव त्यांच्या बुटांकडे बघून पुकारलं.

मग मी एक तोड काढली. कॉर्पोरल सेमी पलीकडच्या बेटाचा. त्यांचे-आपले मूळपुरुष एकच, त्यामुळे थट्टेचं नातं. त्यांनी आपल्याला काहीही बोलावं, आपण त्यांना काहीही बोलावं, राग धरायचा नाही. रातूंची तुकडी मी सेमीच्या हवाली केली. सेमीने ओरडायचं ते ओरडावं, सरदाराचा अपमान होणार नाही, आणि फौजेचं कामही अडणार नाही. सेमीला तर सणच मिळाला. “ए भिजलेल्या कोंबड्या, पाय उचल! तुझे आजोबा आमचं डुक्कर चोरून पळाले, तेव्हा ते डुक्कर खांद्यावर असून तुझ्यापेक्षा जोरात पळाले होते!” असं तो साऱ्या पटांगणाला ऐकवायचा. आणि रातू धावता धावता उत्तर द्यायचे, “डुक्कर कुठलं कॉर्पोरल, तुमचे आजोबाच होते ते! अंधारात फरक कळला नाही!” मग सेमी त्यांना आणखी दहा फेऱ्या मारायला लावायचा, आणि दोघंही फार समाधानी दिसायचे. रातू त्या तुकडीतले सगळ्यांत चांगले शिपाई झाले, हे मी नातं बाजूला ठेवून सांगतो.

केलेपीने आपली तोड वेगळी काढली. डोक्यावर टोपी नसेल तर अधिकाऱ्याला सॅल्यूटचं उत्तर देता येत नाही, असा नियम आहे. म्हणून रातू लांबून दिसले, की तो टोपी काढून काखेत धरायचा आणि कोठाराच्या मागे वळायचा. आठ आठवडे तो असा उघड्या डोक्याने उन्हात फिरला. (वहिनींना सांगावं, की फोटोत तो काळा पडलेला दिसतो ते आजारपणाने नव्हे.)

गेल्या शुक्रवारी दीक्षान्त संचलनाची रंगीत तालीम होती. सर्वोत्तम रिक्रूटने एकट्याने वीस पावलं पुढे यायचं, प्रमुख पाहुण्यांना सॅल्यूट करायचा, त्यांच्या हातून मानाची काठी घ्यायची आणि परत जायचं. सर्वोत्तम रिक्रूट रातू. पाहुण्यांच्या जागी तालमीपुरता केलेपी उभा, आणि त्या दिवशी टोपी काढायची सोय नव्हती. हुकूम सेमीने द्यायचे होते, पण सकाळीच त्याची दाढ पपईएवढी सुजली आणि तो दवाखान्यात गेला. तेव्हा केलेपीच्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे, मी उभा राहिलो. व्हरांड्यात मेजरसाहेब होते आणि त्यांच्याबरोबर ऑस्ट्रेलियाहून आलेले एक कॅप्टन.

मी हुकूम दिला. (आधी तिलोऊ म्हणून घेतलं, मनातल्या मनात.) रातू वीस पावलं आले, थांबले, आणि त्यांनी सॅल्यूट केला. दादा, असा सॅल्यूट मी साऱ्या नोकरीत चार-पाचच पाहिले असतील. हात भुवईशी जाऊन असा थांबला, जणू तो तिथेच वाढला होता. आपल्या सरदाराने आपल्याला इतका मान दिलेला सोसणं फार कठीण असतं. केलेपीचा हात उत्तरासाठी कोपरापर्यंत वर आला, तिथेच थांबला, आणि केलेपी मटकन खाली बसला. शेजारी मीही बसलो. (ते ओघानेच आलं.) तिसऱ्या रांगेतली आपल्या भागातली सात पोरंही बसली. आणि आम्ही नऊ जणांनी मिळून पोकळ हातांच्या टाळ्या वाजवल्या.

इथे खरी पंचाईत झाली. वरिष्ठाचं उत्तर मिळेपर्यंत रिक्रूटने सॅल्यूटचा हात खाली आणायचा नाही, हे मीच शिकवलेलं. सरदाराने सांगितल्याशिवाय बसलेल्याने उठायचं नाही, हे बाबांनी शिकवलेलं. बसून सॅल्यूटचं उत्तर देता येतं का, हे कोणीच शिकवलेलं नाही. तेव्हा रातू हात भुवईशी धरून उभे, केलेपी काठी मांडीवर घेऊन बसलेला, आणि मधून एक मैना चालत चालली होती, ती तेवढी मोकळी. व्हरांड्यातल्या ऑस्ट्रेलियन कॅप्टननी हा समारंभाचाच भाग समजून टाळ्या वाजवल्या. मेजरसाहेब ओरडले, “उठा!” मग, “उठा म्हणतो ना!” मग तिसऱ्यांदा काहीतरी ओरडले, ते मी लिहीत नाही. आम्हाला ऐकू आलं, पण पाय हलेनात. शेवटी रातू ओठ न हलवता म्हणाले, “आपोरोसाकाका, हात गळून पडायची वेळ आली. उठा आता सगळे. केलेपी, ऊठ रे.” आम्ही नऊच्या नऊ जण उठलो. केलेपीने उत्तर दिलं, रातूंचा हात खाली आला.

मेजरसाहेबांना आमचं बसणं एवढं लागलं नसावं, जेवढं आमचं उठणं लागलं. दुपारी त्यांनी आम्हा तिघांना कचेरीत उभं केलं. “मी तीनदा ओरडलो तर माझ्या पटांगणावरची माशी उठली नाही,” ते म्हणाले, “आणि हा रिक्रूट कुजबुजला तर एक लेफ्टनंट आणि एक सार्जंट मेजर उठतात! ही छावणी कोणाची आहे?” रातूंना अधिकाऱ्याला हुकूम सोडल्याबद्दल तीन दिवस स्वयंपाकघरात कंद सोलायची शिक्षा झाली. (कंद स्वयंपाकी सोलतो. रातूंच्या हातात सुरी देऊन त्यांना खुर्चीवर बसवलेलं असतं, आणि त्यांना त्याची फार लाज वाटते.) मग राग ओसरल्यावर मेजरसाहेब म्हणाले, “एक जण बसला म्हणून बाकीचे गोंधळून बसले, असं मी लिहू शकतो. पण आधी कोण बसलं, ते नाव मला वर कळवावं लागेल, आणि त्याची पट्टी किंवा तारा उतरेल. कोण?” केलेपी एक पाऊल पुढे आला आणि म्हणाला, “मी, सर.” मेजरसाहेबांनी लिहून घेतलं. पुढच्या सोमवारी सकाळी दहाला तो कागद सहीनिशी वर जाईल.

तर हे असं झालं. मुलावर रागावू नका. त्याच्या हातून चूक झाली ती मान देण्यातच झाली, घेण्यात नव्हे. वहिनींना, शेजारच्या म्हाताऱ्या आत्यांना आणि माझी आठवण काढणाऱ्या सर्वांना नमस्कार. आज प्रार्थनेत तुमच्या गुडघ्याचं नाव घेतलं आहे.

तुमचा धाकटा भाऊ,
आपोरोसा

ता. क. – माझी पत्रं तुम्ही संध्याकाळी यंगोनाच्या बैठकीत मोठ्याने वाचता, हे मला माहीत आहे आणि त्याचा अभिमानही वाटतो. हे मात्र वाचू नका. निदान इथून पुढचं तरी नको.

ता. क. २ – वर लिहिलं ते सगळं खरं आहे, फक्त एक वाक्य केलेपीने सांगितलं तसं लिहिलं आहे. आधी मी बसलो. रातूंचा हात भुवईशी गेला आणि माझे गुडघे माझं काही न ऐकता वाकले. केलेपीचा हात उत्तरासाठी नीट वर येत होता. तो कोपराशी थांबला, कारण त्याला काका जमिनीवर दिसला. बसलेल्या काकाच्या डोक्यावर तो उभा कसा राहणार? तुम्हीच त्याला तसा वाढवला आहे. कचेरीत तो ‘मी, सर’ म्हणाला, तेव्हा मी सावधानमध्ये उभा होतो. सावधानमध्ये बोलायचं नसतं, असं मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं. त्यानंतर दुपारचं जेवणही जेवलो. आज चर्चमध्ये मात्र पापांच्या कबुलीची प्रार्थना आली, तेव्हा माझा आवाज शेजारच्याला ऐकू गेला नसेल.

ता. क. ३ – विनंती आहे ती अशी. कालच मी केलेपीकडे गेलो आणि म्हटलं, मी मेजरसाहेबांना खरं सांगतो. तो म्हणाला, “काका, तुमची नोकरी सात महिने उरली आहे. अठ्ठावीस वर्षांनी पट्टी उतरवून गावी जाणार का? मी तरुण आहे, मासेमारी करीन.” मी म्हटलं, ते माझं मी बघेन. तर म्हणाला, “सांगून बघा. लेफ्टनंटच्या शब्दापुढे सार्जंट मेजरचा शब्द मेजर घेणार नाहीत. हे तुम्हीच शिकवलंत ना?” मी शिकवलंय खरं. रातूंनी पाहिलं आहे, पण रिक्रूटला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि त्यांना कोणी विचारणार नाही. रातू म्हणाले, मी केलेपीला हुकूम करू का? मी त्यांना हात जोडले, की आता हुकूम पुरे. केलेपी आता फक्त बापाचं ऐकेल. तेव्हा दादा, परतीच्या बोटीने त्याला एक ओळ पाठवा: खरं सांग. जास्त लिहू नका. तो हट्टी आहे, लांब पत्रात पळवाट काढेल.

बोट मंगळवारी तिकडे पोचते आणि शनिवारी इकडे येते. समुद्र खवळला आणि तुमची ओळ आली नाही, तर मी सोमवारी पावणेदहाला एकटाच मेजरसाहेबांच्या कचेरीत जाईन, टोपी काढीन आणि त्यांच्या टेबलासमोर जमिनीवर बसेन. ते ‘उठा’ म्हणतील. केलेपीचं नाव खोडून माझं लिहीपर्यंत मी उठणार नाही.