सगळ्यांच्या प्रोग्रामची एकच चावी

सर, त्या सकाळी मी ड्रम घासत होते. तळाचा गाळ नारळाच्या शेंडीनं खरवडायचा, तो कुंडीत ओतायचा, उरलेल्या तांब्याभर पाण्यात ड्रम विसळायचा आणि ते विसळलेलं पाणीही संडासासाठी बाजूला ठेवायचं. गॅसवर डब्यांची भाजी रटरटत होती. कणीक भिजवायची राहिली होती, कारण पिण्याच्या हंड्यातलं पाणी कणकेला घ्यावं की नाही हे ठरत नव्हतं. तेवढ्यात मोबाइल वाजला. तुमच्या प्रोग्रामचा मेसेज होता : आपल्या क्षेत्रात जलपुरवठा सुरू होत आहे. मी हातातलं टाकून नळाशी जाऊन बसले. शेजारीण कंपनीत निघाली होती, तिलाही थांबवलं. नळ फुसफुसलासुद्धा नाही. पाणी गेलं पलीकडच्या गल्लीला. शेजारीण म्हणाली, "तुह्या मोबाइलला म्हणावं, आता येऊन माझी हजेरी लाव." मला हसू आलं नाही. डबे पोचवले आणि तशीच तुमच्या खोलीवर भांडायला आले.

दुष्काळाची वर्षं होती. धरण आटलेलं, आठवडा-आठवडा नळाला पाणी नाही, आणि शहर मात्र बायपासच्या पलीकडे, थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरत चाललेलं. पाणी कधी सुटेल याचा नेम नसे. ज्या बाईचा पाण्याचा दिवस हुकला तिचा आठवडा गेला, आणि पाण्यासाठी जी घरी थांबली तिचा रोज गेला. तुम्ही शाळेतून निवृत्त झाल्यावर एक प्रोग्राम लिहिलात. ज्या गल्लीला आधी पाणी येतं तिथल्या बाईनं एक मेसेज टाकायचा, की त्याच पाइपवरच्या पुढच्या गल्ल्यांना आपोआप कळायचं. आणि तो प्रोग्राम तुम्ही सगळा इंटरनेटवर उघडा ठेवलात. ज्याला हवा त्यानं न्यावा, वाचावा, आपल्या गावासाठी बदलावा, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. हे मला फार नंतर समजलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की एक म्हातारा माणूस सतरंजीवर बसलाय आणि कॉम्प्युटरपुढची एकुलती एक खुर्ची रिकामी आहे.

"तुमच्या मेसेजपायी माझ्या शेजारणीचा खाडा झाला," मी दारातूनच म्हणाले.

"बसा ताई."

"बसायला नाही आले मी."

"खुर्चीत बसा. काय चुकलंय ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. मग दुरुस्त कोणी करायचं?"

"मी सातवी शिकलेय, सर."

"मग? सातवीपर्यंत आपल्या गल्लीचं नाव लिहायला शिकवत नाहीत का?"

तुम्ही खालच्या टपरीवरून चहा मागवलात आणि चहा संपेपर्यंत चुकीचा विषय काढू दिला नाहीत. मग मी एका बोटानं माझ्या गल्लीचं नाव या पाइपवरून काढून त्या पाइपवर टाकलं. माउस टेबलावरून खाली पडत होता. तुम्ही मांडीत हात ठेवून बसून होतात. जाता जाता मी म्हणाले, ते जलपुरवठा वगैरे कोण बोलतं हो आमच्यात? तुम्ही म्हणालात, तेही बदला. मी "पाणी सुटलंय" असं लिहिलं. संध्याकाळच्या आत आख्ख्या शहराच्या मोबाइलवर माझे दोन शब्द गेले. नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तो गेल्यापासून मी कुणाला काही सांगितलं आणि ते कुणी ऐकलं, असं पहिल्यांदाच घडलं होतं.

मग दर रविवारी येऊ लागले. शेजारणीलाही ओढून आणलं. ती सतरंजीवर बसून पाय चेपत म्हणायची, "सर, हितं यायचा रोज मिळतो का?" आणि तुम्ही म्हणायचात, "मिळतो. चहा." तुमची रीत अशी, की नवा माणूस खुर्चीत आणि जुने सगळे खाली. नवा कितीही अडखळला तरी जुन्यानं हात लावायचा नाही. तोंडानं सांगायचं. पाठवलेली दुरुस्ती त्याच दिवशी आत घ्यायची, आणि घेता येत नसेल तर का नाही ते त्याच दिवशी सांगायचं. सोप्या चुका तुम्ही मुद्दाम तशाच ठेवायचात, नव्या माणसाला काहीतरी करता यावं म्हणून. मला ते पटत नसे. एकदा गारखेड्याची एक बाई खुर्चीत बसून घामाघूम झाली होती. मी उठले, तिच्या हातावरून माउस घेतला, चुटकीसरशी काम केलं आणि मोठ्या तोऱ्यात खाली बसले. ती गेल्यावर तुम्ही इतक्या हळू आवाजात बोललात, की मला पुढं सरकावं लागलं. "ताई, तुम्ही तिची चूक नाही दुरुस्त केली. तिचं इथं यायचं कारण काढून घेतलं." ती बाई परत आली नाही. तुमचं ते बोलणं मला आजही मान्य आहे, आणि म्हणूनच पुढचं लिहायला हात जड होतोय.

तुम्ही उन्हाळ्यात गेलात, ऐन टंचाईत. आदल्या रविवारी ठणठणीत होतात. आम्ही रडलो, तुमच्या खोलीच्या दारात बसलो, आणि मग आपापल्या घरी जाऊन नेहमीसारखे मेसेज टाकत राहिलो. प्रोग्राम चालूच होता. पाणी सुटलंय, पाणी सुटलंय, असे मेसेज येत होते. आम्हाला वाटलं, सर गेले तरी सरांचं काम आपण चालवतोय.

शेजारीण तेव्हा डोंगराच्या पायथ्याला नव्या वसाहतीत भाड्यानं राहायला गेली होती, खोली स्वस्त म्हणून. घरात अंथरुणाला खिळलेली सासू. तिथं नवी पाइपलाइन जोडली होती आणि तिच्या गल्लीचा दिवस बदलला होता. तिनं बरोबर तुम्ही शिकवलं तसं केलं. स्वतः दुरुस्ती लिहून पाठवली आणि निर्धास्त झाली. पुढच्या मेसेजला ती घरी थांबली. पाणी आलं नाही. तिला वाटलं, आज काही बिघाड असेल. त्याच्या पुढच्या मेसेजलाही थांबली. मग ठेकेदारानं सांगितलं, उद्यापासून येऊ नको. ती माझ्या दारात आली तेव्हा भांडलीसुद्धा नाही. उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "मी तर चूक सुधारून धाडली व्हती गं. मंग ती गेली कुठं?"

ती कुठंच गेली नव्हती. ती तुमच्या दाराशी पडून होती. तुम्ही गेल्यापासून आलेली प्रत्येक दुरुस्ती तिथंच पडून होती, कारण आत घ्यायचा अधिकार एकट्या तुमच्याकडे होता. तुम्ही इतक्या वर्षांत इतक्या लगेच सगळं आत घेत गेलात, की मध्ये एक दार आहे आणि त्याची चावी तुमच्या हातात आहे, हे आम्हाला कधी कळलंच नाही. प्रोग्राम सगळ्यांचा आहे म्हणजे सगळ्यांचं आपोआप आत जातं, असंच आम्ही समजत होतो. आम्ही दोघी तुमच्या खोलीवर गेलो. तुमची मुलगी परदेशातून आली होती, कपाट रिकामं करत होती. सुतकाच्या घरात काय विचारावं हे कळत होतं, तरी मी विचारलं. ती हातातली घडी तशीच धरून म्हणाली, "काकू, बाबांचा पासवर्ड? बाबांना शुगर होती हेसुद्धा मला नर्सनं सांगितलं." कॉम्प्युटर तिनं पुसून कुणाला तरी देऊन टाकला होता. टेबल होतं. खुर्ची जिन्यात उलटी ठेवली होती.

पुण्याला असलेल्या तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं प्रोग्रामची नक्कल काढून दिली. उघडा असल्यामुळे कुणाची परवानगी लागली नाही, एवढे तुमचे उपकार. पण मेसेज टाकायचा नंबर नवा. जुना नंबर बायकांना पाठ होता, नवा कुणाला सांगायचा? मी गल्लोगल्ली फिरले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायका एका जागी सापडतात, पण मला तिथं आत कोण बोलावणार? मी फाटकाशी उभी राहायचे आणि वाण घेऊन बाहेर पडणाऱ्या बाईला नंबर सांगायचे. काही घ्यायच्या. काही म्हणायच्या, "त्याच्यानं तर एकीची नोकरी गेली म्हणं." तुमच्या वेळी रविवारी सतरंजी पुरत नसे. आता चारदोन जणी यायच्या, त्याही माझ्या घरी, माझ्या स्वयंपाकघरात. शेजारीण कधीच आली नाही. ती आता घरकामं करते. वाटेत भेटली तर बोलते, पाण्याचं सोडून.

नव्या नकलेची चावी मात्र माझ्याकडे आली. डिक्शनरी शेजारी ठेवून मी तो कोड वाचायला शिकले, ओळीला ओळ लावून, पूर्वी पुड्यांचे कागद वाचायचे तशी. आणि इतकी वर्षं एकेक दुरुस्ती मीच आत घेत आले, त्याच दिवशी, तुमच्यासारखी. मागच्या महिन्यात मला ताप आला. दवाखान्यात ठेवलं. नोकरीला पुण्यात असलेला माझा मुलगा आला तोवर मला शुद्ध नव्हती. घरी येऊन पाहते तर दुरुस्त्यांचा ढीग. त्यात रोशन गेटकडच्या एका मुलीची होती. मुलगी कॉलेजात शिकते, वडिलांचं टेलरिंगचं दुकान आहे, दोन वर्षांपासून रविवारी येते. तिच्या मोहल्ल्याचा दिवस बदलला होता आणि आमचा मेसेज त्यांना जुन्याच दिवशी जात होता. ती भेटायला आली, डब्यात खिचडी आणली, कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग पलंगाच्या कडेवर बसून म्हणाली,

"खाला, बुरा नक्को मानो. तुमना कुछ हो गया तो हम किसको पूछना?"

मी म्हटलं, "मला काय होतंय आता."

"सरजी बी येच बोले होंगे ना?" तिनं तुम्हाला पाहिलेलंसुद्धा नाही. "सब आओ, सब करो, बोलते. फिर ताला एकीच हात में कायको?"

मी डबा उघडला. खिचडी खाल्ली. ती गेल्यावर मला तिचा राग आला, आणि राग ओसरल्यावर तुमचा आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मोकळेपणानं. आमच्यातल्या कुणाचंही नाव त्या चावीवर घालायला किती वेळ लागला असता? चहा निवला नसता. शेजारीण आज कंपनीत असती. तुम्ही विसरलात, असं मी आजवर मनाला सांगत आले. तुम्ही विसरणारे नव्हतात, सर. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कोण बिनसाखरेचा पितं, सगळं तुमच्या लक्षात असायचं.

मला आता वाटतं, तुम्हाला ते द्यायचंच नव्हतं. तुमची बायको गेलेली, मुलगी लांब. दिवसभर त्या खोलीत कोण येत होतं? दुरुस्ती येत होती. कुणीतरी काहीतरी घेऊन दाराशी उभं आहे आणि आपण उघडल्याशिवाय ते आत येणार नाही, यावर माणूस जगू शकतो. हे मी कुठं वाचलेलं नाही. सकाळी डबे झाले की मी मोबाइल उघडते आणि कुणाचं काय आलंय ते पाहते, त्यावरून सांगतेय. कुणाचंच काही आलेलं नसलं की घर केवढं मोठं होतं. ते तुम्हालाही होत असणार. याची मला कीव येते आणि तरी मी तुम्हाला माफ करू शकत नाही, कारण उंबऱ्यावर बसलेली शेजारीण मी पाहिलीय, तुम्ही नाही.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या खोलीच्या जागी आता इमारत झाली आहे, खाली मोबाइलची दुकानं आहेत. टाकणार नाही. काल इथंच थांबले होते. आज पुढचं एवढंच लिहायचं राहिलंय.

आज दुपारी मी रोशन गेटला तिच्या घरी गेले. दुकानामागच्या खोलीत तिच्या आईनं सुपारी पुढं केली, आणि मी चावीवर त्या मुलीचं नाव घातलं. माझं नाव काढणार होते. काढलं नाही. तिला सांगितलं, दोघी असलेल्या बऱ्या. ते खरंच आहे, पण मी त्यासाठी ठेवलं नाही.