पिल्लाची हाक

३ मार्च
आले एकदाची! ताई म्हणाली, जन्मभर कुणाचं ऐकलं नाहीस, आता पगार घेऊन ऐक. खाडीच्या तोंडाशी नांगरलेली लाकडी नाव हेच माझं ऑफिस आणि घर. एक बाकडं, एक स्टोव्ह, पाण्यात सोडलेला माइक, तसाच एक स्पीकर, कानांवर हेडफोन. समोर नव्या धक्क्यासाठी लोखंडी खांब ठोकताहेत. देवमासा किंवा डॉल्फिन ऐकू आला की मी वॉकीटॉकीवर कळवायचं, मुकादमानं ठोकणं थांबवायचं. मजा आहे माझी.

५ मार्च
देवमाशाची मादी पिल्लाला घेऊन आत आलीय. ती लांब घुमते, पिल्लू बारीक कण्हल्यासारखं उत्तर देतं. लगेच कळवलं. मुकादम म्हणाला, होईल, बघू. ठोकणं चालूच. एकेक घाव डोक्यात बसतो. या गोंगाटात त्यांना एकमेकांचं काय डोंबल ऐकू येणार?

८ मार्च
मायलेकरांची ताटातूट झाली. ती हाक मारते, नेमका घाव पडतो, पिल्लाचं उत्तर बुडून जातं. मुकादमाच्या वरच्या साहेबांना जाऊन भेटले. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, खांबांची एवढी रांग उरकू द्या. कळवणं माझं काम, थांबवणं त्यांचं. परत येताना रागानं रडले.

११ मार्च
पिल्लू पलीकडच्या वाळूवर मेलेलं सापडलं. रोज डबा आणणाऱ्या होडीवाल्या काकांनी सांगितलं. आता काम बंद, चौकशी होणार! मुकादम म्हणाला, घ्या, झालं तुमच्या मनासारखं. त्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं. आई अजून हाका मारतेय. शांततेत सगळं स्वच्छ ऐकू येतं.

१२ मार्च
शोधत शोधत ती आत उथळात चाललीय. ओहोटीला अडकून मरेल. कुणी काही करणार नाही, म्हणून मीच केलं. पिल्लाची हाक माझ्याकडे रेकॉर्ड होती. पाण्यात स्पीकर सोडून ती वाजवली. माझ्यापर्यंत आली की पुढे मोकळा समुद्रच. ती गप्प झाली. मग उत्तर दिलं. येतेय!

१३ मार्च
आली, पण पुढे जाईना. स्पीकर कधीच वर घेतला, तरी नावेखालीच घिरट्या. तिला वाटतंय, पिल्लू नावेत आहे. मीच तर तसं सांगितलं तिला. मूर्ख मी!

संध्याकाळ — अंग घासतेय. फळ्या करकरतात. वॉकीटॉकीवर मुकादमाला होडी पाठवा म्हटलं. होईल, बघू.

१४ मार्च
काकांची होडी दिसली — मोटरचा आवाज ऐकून मादी होडीवरच धावली — काका कसेबसे मागे फिरले.

आता ढुशा. हळू, गाय वासराला उठवते तशा. तळाची फळी फुटलीय. पाणी घोट्यापर्यंत.

ती हाका मारत नाही. ऐकतेय. मी पाय हलवला की ढुशी. खोकले की ढुशी.

रडू आवरत नाही — तोंडावर हात दाबून धरलाय — हुंदका फुटला तर ती